आईच्या रक्तातलं ऊन आणि बाळाची शिदोरी

वस्तीतल्या आरोग्य शिबिरात अलीकडे एक प्रश्न हमखास येतो. गरोदर मुलगी सासूला किंवा आईला सोबत घेऊन येते. हातात खासगी लॅबचा रिपोर्ट असतो, त्यात एक आकडा ठळक छापलेला असतो, आणि सोबतची बाई विचारते, "हिचं व्हिटॅमिन डी कमी आलंय म्हणे. बाळाला काही होणार नाही ना?" आम्ही कार्यकर्ते या प्रश्नाला बरेच दिवस एकच ठरलेलं उत्तर देत होतो : "ताई, सकाळी थोडा वेळ कोवळ्या उन्हात बसत जा." उत्तर सोपं होतं, फुकटचं होतं आणि देऊन मोकळं होता येत होतं. ते दोन्ही बाजूंनी चुकीचं आहे, हे आम्हाला उशिरा उमगलं. कोवळ्या उन्हात हे जीवनसत्त्व फारसं तयारच होत नाही. आणि ज्या मुलीला आम्ही हा सल्ला देत होतो ती दहा बाय दहाच्या खोलीत राहते. तिच्या गल्लीत दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला अंग चोरावं लागतं. तिने उन्हात बसायचं कुठे, हे आम्ही कधी विचारलंच नव्हतं.

आधी मूळ गोष्ट समजून घेऊ. कॅल्शियम हाडांपर्यंत पोचवण्याचं काम ‘ड’ जीवनसत्त्वाशिवाय होत नाही. ते अन्नातून थोडंच मिळतं. एका अंड्यात साधारण ४० युनिट, बांगड्यासारख्या तेलकट माशात त्याहून बरंच जास्त, भाजी-भाकरीत जवळजवळ नाहीच. बाकी सगळं उन्हातून, म्हणजे उन्हातल्या विशिष्ट अतिनील किरणांनी त्वचेत तयार होतं. पोटातल्या बाळाला ना ऊन मिळतं ना अंडं. त्याला जे मिळतं ते नाळेतून, आईच्या रक्तातून. जन्माच्या वेळी बाळाच्या रक्तातलं प्रमाण आईच्या प्रमाणापेक्षा कमीच असतं. आई जेवढी रिकामी, तेवढी बाळाची शिदोरी आणखी हलकी.

या विषयावरचा आपल्या देशातला एक महत्त्वाचा अभ्यास २००५ साली लखनौहून प्रसिद्ध झाला. संजय गांधी पदव्युत्तर संस्थेच्या डॉक्टरांनी शहरातल्या आणि खेड्यातल्या मिळून २०७ गरोदर महिला तपासल्या आणि बाळंतपणाच्या वेळी नाळेतलं रक्तही तपासलं. आयांची सरासरी निघाली १४ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर, बाळांची ८.४. हाडांच्या आरोग्यासाठी २० पुरेसं आणि १२ च्या खाली धोक्याचं, असं साधारणपणे मानतात. म्हणजे सरासरी बाळ जन्मतःच धोक्याच्या रेषेखाली होतं. त्या संशोधकांनी स्वतःच्या मोजणीवरून २२.५ ही रेषा धरली होती, शहरातल्या ८४.३ टक्के आणि खेड्यातल्या ८३.६ टक्के महिला तिच्या खाली होत्या. शहर आणि खेडं यांत फरक जवळपास नाही, ही गोष्ट लक्षात ठेवा. तिच्याकडे आपल्याला परत यायचं आहे.

त्यानंतर २०१६ ते १८ या काळात केंद्र सरकारने मुलांच्या पोषणाचं मोठं राष्ट्रीय सर्वेक्षण केलं. त्यात १ ते ४ वर्षं वयाच्या १४ टक्के, ५ ते ९ वयाच्या १८ टक्के आणि १० ते १९ वयाच्या २४ टक्के मुलामुलींत ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता आढळली, तीही १२ ची कडक रेषा लावून. वय वाढतं तसं प्रमाण वाढतं. उद्या आई होणाऱ्या मुली याच शेवटच्या गटात आहेत. मात्र या सर्वेक्षणात गरोदर महिला नव्हत्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत त्यांच्या रक्तातलं हिमोग्लोबिन मोजलं गेलं, म्हणून त्यातला ५२.२ टक्के गरोदर महिलांना रक्तक्षय असल्याचा आकडा आपण मोर्चात, निवेदनात वापरू शकतो. ‘ड’ जीवनसत्त्वाचा असा आकडा त्याच्या अहवालात नाही. ज्याचा आकडा नाही त्याच्यावर निवेदन देता येत नाही, हा अनुभव आपल्या चळवळीला नवा नाही.

बाळाला काय होतं? बहुतेक बाळांना जन्मल्यावर काहीच दिसत नाही, आणि म्हणूनच हा विषय मागे पडतो. काही बाळांच्या रक्तातलं कॅल्शियम इतकं उतरतं की पहिल्या दिवसांत किंवा महिन्यांत आकडी येते. पुढे टाळू उशिरा भरते, दात उशिरा येतात, मनगटं जाड होतात, मूल उभं राहू लागलं की पाय वाकतात. आपल्या आज्या याला मुडदूस म्हणत. मुडदूस झालेल्या मुलीच्या कमरेची हाडं अरुंद राहिली तर पंचवीस वर्षांनी तिच्या स्वतःच्या बाळंतपणात मूल अडतं.

पण इथे आम्हाला एक सावधगिरीही सांगायची आहे, कारण व्हॉट्सॲपवर या जीवनसत्त्वाला आता संजीवनी करून टाकलं आहे. ढाक्यात सुमारे १,३०० गरोदर महिलांवर झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आठवड्याला २८,००० युनिटपर्यंत मात्रा दिल्या गेल्या. वर्षभराने बाळांची लांबी मोजली तर मात्रा मिळालेल्या आणि न मिळालेल्या आयांच्या मुलांत फरक आढळला नाही. जागतिक आरोग्य संघटनाही सगळ्या गरोदर महिलांना हे सरसकट द्या असं म्हणत नाही. कमतरतेचा संशय असेल तर रोज २०० युनिट द्यावं, असं तिचं म्हणणं आहे. ब्रिटन मात्र प्रत्येक गरोदर महिलेला रोज ४०० युनिट घ्यायला सांगतो. तज्ज्ञांत मतभेद आहेत ते गरोदरपणातल्या इतर फायद्यांबद्दल. मुडदूस आणि कॅल्शियम उतरून येणारी आकडी या जीवनसत्त्वाच्या अभावाने होऊ शकते आणि ते वेळेवर दिलं तर टळते, यावर वाद नाही. आपली मागणी तेवढ्यावरच उभी राहिली तरी पुरेशी भक्कम आहे.

आता उन्हाकडे येऊ. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला हचिसन नावाच्या डॉक्टरने आपल्याच मुंबई-नाशिक भागात मुडदुसाचा अभ्यास केला. त्याला जे दिसलं ते तेव्हाच्या समजाच्या उलट होतं. खाऊन-पिऊन सुखी, पण बायका-मुलांना पडद्यात ठेवणाऱ्या हिंदू आणि मुसलमान घरांत मुडदूस होता. ज्यांच्या घरी धड अन्न नव्हतं, पण ज्यांच्या बायका पाठीला मूल बांधून शेतावर, कामावर जात, त्या ‘खालच्या’ म्हटल्या जाणाऱ्या जातींच्या मुलांत तो जवळजवळ नव्हता. थोड्याच वर्षांनी काश्मीरमध्ये कॅथलीन वॉन या डॉक्टर बाईंनीही हेच पाहिलं : पडद्यातल्या बायकांची हाडं मऊ पडून बाळंतपणं अडत होती, होड्यांवर आणि शेतात राबणाऱ्या बायकांची नाही. त्यांनी १९२८ साली पडदापद्धत आणि मातृत्व या विषयावर पुस्तकच लिहिलं.

याचा अर्थ नीट पाहा. आपल्या पणज्यांना गावाने पाणी नाकारलं, देऊळ नाकारलं, जमीन नाकारली. ऊन तेवढं नाकारता आलं नाही. ते फार कष्टाचं ऊन होतं, त्याचं कौतुक आम्हाला करायचं नाही. पण त्यांच्या मुलांची हाडं त्या उन्हाने वाचवली. शंभर वर्षांत त्याच घरांतल्या नाती-पणत्या शहरात आल्या आणि ती एकमेव फुकटची गोष्टही हातची गेली. ती कशी गेली, हे घर, काम आणि हवा या तिन्हींत बघावं लागेल.

घराचं उदाहरण मुंबईच्या गोवंडी-मानखुर्दचं घ्या. झोपड्या हटवून लोकांना ज्या पुनर्वसन इमारतींत कोंबलं, त्या एकमेकींना इतक्या खेटून आहेत की खालच्या मजल्यांवर भरदुपारी दिवा लावावा लागतो. लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या वसाहतींचा ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने केलेला अभ्यास २०१८ साली समोर आला. खालच्या मजल्यांवर ऊन-वारा कमी आणि क्षयरोगाचं प्रमाण जास्त, असं त्यात आढळलं. तो अभ्यास क्षयाचा होता, ‘ड’ जीवनसत्त्वाचा नव्हे, हे मान्य. पण ज्या खोलीत ऊन पोचत नाही त्याच खोलीत गरोदर बाईही नऊ महिने काढते. शिवाय बंद खिडकीच्या काचेतून येणारं ऊन या बाबतीत निरुपयोगी असतं, कारण लागणारे किरण काच अडवते.

कामाचंही तसंच. घरकाम करणारी बाई सकाळी दुसऱ्याच्या फ्लॅटमध्ये शिरते आणि उन्हं कलल्यावर बाहेर पडते. गाळ्यात शिलाई करणारीला दिवस-रात्र ट्यूबलाइटचीच. रस्ता झाडणारी पहाटे निघते, ऊन चढेपर्यंत तिचं बाहेरचं काम आटोपत आलेलं असतं.

हवेबद्दल दिल्लीतला २००२ सालचा अभ्यास बोलका आहे. धुराने कोंदलेल्या मोरी गेट भागातल्या ९ ते २४ महिन्यांच्या मुलांची सरासरी निघाली १२.४, तर तेव्हा मोकळ्या असलेल्या गुडगावातल्या मुलांची २७.१. धूर आणि धूलिकण वरचे किरण वरच शोषून घेतात. कचरा डेपो, रेडीमिक्सचे कारखाने आणि महामार्ग कोणाच्या वस्तीशेजारी असतात, हे आम्ही वेगळं सांगायला नको.

मग खेड्यातल्या बाईचं काय? लखनौच्या अभ्यासात तीही तेवढीच रिकामी होती. उन्हात राबली तरी अंगभर कपडा, डोक्यावर पदर, उघडे काय ते हात आणि चेहरा. त्यात जेवणात दूधदुभतं नाही. कॅल्शियम कमी पडलं की शरीर असलेलं ‘ड’ जीवनसत्त्वही भराभर खर्चून टाकतं. वेळेचाही प्रश्न आहे. तिरुपतीत झालेल्या संशोधनात त्वचेत हे जीवनसत्त्व सर्वाधिक तयार होतं ते सकाळी ११ ते दुपारी २ या वेळेत, असं दिसलं. ढोबळ खूण अशी : आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लांब पडत असेल तर त्या उन्हाचा फारसा उपयोग नाही. सावळ्या कातडीला तर गोऱ्या कातडीपेक्षा जास्त वेळ लागतो. आता चंद्रपूर-अकोल्याच्या मे महिन्यात सातव्या महिन्यातल्या बाईला दुपारी १२ वाजता उन्हात बस म्हणणारा डॉक्टर आम्हाला दाखवा.

बाळंतपणानंतरचा महिना-सव्वा महिना आणखी वेगळा. खिडक्या बंद, कानाला फडकं, शेक-शेगडी, ‘वारा लागेल’ म्हणून बाळ-बाळंतीण दोघं अंधारात. तेल लावून बाळाला सकाळी सातच्या उन्हात धरलं की आपल्याला समाधान वाटतं. ते छान आहे, पण त्याने मुडदूस टळत नाही.

‘बायका उन्हात बसत नाहीत, आहार नीट घेत नाहीत’ हे बोलणं किती सोयीचं असतं, ते ब्रिटनच्या इतिहासात दिसतं. तिथल्या गिरण्यांच्या शहरांत गोऱ्या कामगारांच्या मुलांना मुडदूस होता, तेव्हा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सरकारने मार्गारीनमध्ये ‘ड’ जीवनसत्त्व घालणं सक्तीचं केलं. कोणाला सवयी बदला म्हणून उपदेश केला नाही. पुढे १९६० च्या दशकापासून ग्लासगोसारख्या शहरांत भारत-पाकिस्तानातून गेलेल्या कुटुंबांच्या मुलांत तोच आजार दिसला. त्याला नाव पडलं ‘एशियन रिकेट्स’. चपातीच्या पिठात जीवनसत्त्व घालण्याची सूचना सरकारी समितीने फेटाळली आणि १९८१ साली मोहीम निघाली : तुमचा आहार बदला, उन्हात जा. स्थलांतरितांच्या संघटनांनी तेव्हाच विचारलं होतं की गोऱ्यांसाठी धोरण आणि आमच्यासाठी उपदेश, असं का? शिबिरात आम्ही जे ‘कोवळ्या उन्हात बसा’ म्हणत होतो, ते याच जातीचं होतं.

मग आपल्याकडे धोरण आहे का? आहे, आणि बहुतेक कार्यकर्त्यांना ते माहीत नाही. आम्हालाही नव्हतं. केंद्र सरकारच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रत्येक गरोदर महिलेला चौदाव्या आठवड्यापासून रोज कॅल्शियमच्या दोन गोळ्या फुकट मिळायला हव्यात, आणि बाळंतपणानंतरही सहा महिने. या प्रत्येक गोळीत ५०० मिलिग्रॅम कॅल्शियमबरोबर २५० युनिट ‘ड’ जीवनसत्त्व असतं. म्हणजे दिवसाला ५०० युनिट, ब्रिटनच्या शिफारशीपेक्षा जास्त. त्यासाठी रक्त तपासायची गरज नाही. खासगी लॅबमध्ये या एका तपासणीला जे पैसे जातात ते तिच्या दूध-अंड्यांच्या खर्चातून जातात. सगळ्यांची सरसकट तपासणी करावी असं या क्षेत्रातले मोठे तज्ज्ञ गटही सांगत नाहीत.

गोळी मिळूनही घोळ होतो. कॅल्शियमची गोळी आणि लोहाची लाल गोळी एकत्र घेतली तर लोह नीट अंगी लागत नाही. कॅल्शियम जेवणासोबत घ्यायचं आणि लाल गोळी त्यानंतर निदान दोन तासांनी. हे कोणी सांगितलं नाही की पोट बिघडतं, आणि गोळ्या फळीवरच्या डब्यात पडून राहतात. आशाताईंकडे घरं इतकी की त्यांना दोष देता येत नाही. त्यांचा मोबदला वाढावा यासाठीचं आंदोलन आपलंही असायला हवं. दुसरा धोका उलटा आहे. मेडिकलवाल्याकडून ६०,००० युनिटची पुडी आणून मनाने दर आठवड्याला घेत राहणं. मोठ्या माणसाला रोज ४,००० युनिटपर्यंत सुरक्षित धरतात. पुडी घ्यायची ती डॉक्टरने सांगितली तर, सांगितली तेवढीच.

बाळाच्या बाबतीत मात्र धोरणातच भोक आहे. आईच्या दुधाला पर्याय नाही. डबेवाल्या कंपन्यांना इथे एक इंचही जागा द्यायची नाही. पण ‘ड’ जीवनसत्त्व आईच्या दुधात फार थोडं उतरतं, आणि आई रिकामी असेल तर त्याहून कमी. म्हणून भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटना प्रत्येक बाळाला पहिलं वर्षभर रोज ४०० युनिटचे थेंब द्यायला सांगते. जन्मल्याबरोबर बाळाला ‘के’ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन देतात, तेव्हा आईच्या दुधाचा अपमान झाला असं कोणी म्हणत नाही. हेही तसंच आहे. ‘अ’ जीवनसत्त्वाचा डोस सरकारी लसीकरणाच्या वेळापत्रकात आहे. ‘ड’चे थेंब नाहीत. खासगी डॉक्टरकडे जाणाऱ्या घरातलं बाळ पहिल्याच भेटीत त्या बाटलीचं नाव घेऊन परततं. पालिकेच्या दवाखान्यातून परतणाऱ्या बाळाच्या आईला अनेकदा हे थेंब असतात हेही ठाऊक नसतं. थेंब देताना बाटलीवरचं प्रमाण वाचणं महत्त्वाचं आहे, कारण एका बाटलीच्या १ मिलीमध्ये ४०० युनिट असतं तर दुसरीच्या ८००.

तेल आणि दुधात ‘अ’ आणि ‘ड’ जीवनसत्त्व मिसळण्याचे नियम २०१८ साली झाले, पाकिटावर ‘+एफ’चं चिन्ह येऊ लागलं. ते कंपन्यांच्या मर्जीवर आहे, आणि किराण्यातून पाव किलो सुटं तेल घेणाऱ्या घरापर्यंत ते पोचत नाही. रेशनच्या तांदळात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ घालण्याची योजना सरकारने राबवली. रेशनवर तेल द्या आणि त्यात हे घाला, ही मागणी आमच्या मते करण्याजोगी आहे.

१९२८ च्या जुलैमध्ये मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी जो मुद्दा मांडला तो इथे थेट लागू होतो. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून त्याचा मोठा भार सरकारने उचलावा. पण बाईच्या श्रमावर नफा कमावणारा मालकही त्यातून सुटता कामा नये, अशी त्यांची मांडणी होती. पुढच्याच वर्षी कायदा झाला, तो गिरणी-कारखान्यांतल्या बायकांपुरता. आज २६ आठवड्यांची पगारी रजा संघटित नोकरीतल्या बाईला आहे. धुणीभांडी करणारीला पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये, तेही कागदपत्रं जुळली तर. त्यामुळे ती आठव्या महिन्यापर्यंत दुसऱ्यांच्या बंद घरांत फरशा पुसत राहते.

आता शिबिरात रिपोर्ट घेऊन मुलगी आली की आम्ही आधी तिला विचारतो, "कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात का? किती मिळाल्या? लाल गोळीबरोबर घेतेस का?" दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर महिलांची तपासणी असते. गेल्या वेळी आमच्यातल्या चौघी तिथे जाऊन बसल्या आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकीची पिशवी बघितली. लाल गोळ्या जवळजवळ सगळ्यांकडे होत्या. कॅल्शियमचं विचारलं तर खिडकीवरून उत्तर आलं, "साठा संपलाय, बाहेरून घ्या." कधीपासून संपलाय, मागणी कोणत्या तारखेला पाठवली आणि बाळांसाठी थेंब आहेत का, असे तीन प्रश्न लेखी देऊन आम्ही पोच घेतली आहे. पुढच्या ९ तारखेला उत्तर मागायला पुन्हा जाणार आहोत. तुमच्या भागातल्या दवाखान्यात काय परिस्थिती आहे, ते त्याच दिवशी जाऊन बघा आणि आम्हाला कळवा.